घोट्याशी ढिला, गुडघ्याशी घट्ट

सिस्टरांची आणि कटिंग मास्तरांची पहिली भेट झाली ती खरं म्हणजे मास्तरांशी झालीच नाही. ड्रेसिंगच्या खोलीत आधी आला तो त्यांचा डावा पाय. दाराचा पडदा बाजूला सारून तो आत शिरला, त्याने इकडेतिकडे पाहिलं, वजनकाटा ओलांडून पलंगाजवळचं स्टूल बळकावलं आणि त्यावर ऐसपैस बसला. मास्तर त्याच्यामागून दीडेक मिनिटाने आले, पेशंटबरोबर सोबतीला आलेल्या नातेवाइकासारखे, जरा ओशाळलेले, हातात कापडी पिशवी धरलेले. त्या पायाला पाहून रक्तदाबाच्या यंत्रातला पारा आपणहून दीडशेवर चढला. बाहेर बाकावर इंजेक्शनच्या भीतीने रडणारं मूल गप्प झालं. आणि आठ दिवस कंबर धरून चालणारे एक गृहस्थ रांगेतून ताठ उठून, आपल्याला काहीच झालेलं नाही असं जाहीर करून घरी निघून गेले. निदान सिस्टर तरी असं सांगतात, आणि त्या बावीस वर्षं त्या दवाखान्यात लोकांच्या जखमा बांधत असल्यामुळे त्यांना उलटून विचारायची कोणाची छाती नाही.

"पँट वर करा," सिस्टर म्हणाल्या.

मास्तरांनी पँट अशी वर केली, जणू एखाद्या पुतळ्याचं अनावरण चाललं आहे.

पोटरीवर शिरा होत्या. शिरा म्हणजे काय, शिवणाच्या डब्यात चार रंगांची रिळं सांडून त्यांचा गुंता व्हावा आणि तो गुंता कोणीतरी कातडीखाली भरून वरून टाके घालावेत, तशा. घोट्याच्या वरची कातडी तपकिरी झाली होती, इस्त्री विसरून राहिलेल्या सदऱ्यासारखी करपलेली. आणि घोट्याच्या आतल्या बाजूला, कोटाच्या मोठ्या बटणाएवढी एक जखम. जखम निळी होती.

सिस्टरांनी बावीस वर्षांत लाल जखमा पाहिल्या होत्या, पिवळ्या पाहिल्या होत्या, काळ्या पाहिल्या होत्या. आकाशी रंगाची पहिल्यांदाच पाहिली.

"हे काय लावलंय?"

"खडू."

"खडू?"

"मार्किंगचा. किसून. पाणी शोषून घेतो चांगलं. पांढरा संपला होता, म्हणून निळा."

सिस्टरांनी डोळे मिटले आणि उघडले. जखम निळीच होती.

"किती दिवस झाले ह्याला?"

"काही नाही हो. मुंगी चावली होती."

"कधी?"

"झाले असतील सहा महिने."

"आणि ती अजून चावतेच आहे का?"

मास्तरांनी एकदा सिस्टरांकडे पाहिलं, टाळूपासून चपलेपर्यंत, कपड्याचं माप घेतल्यासारखं, आणि मान दुसरीकडे वळवली. सिस्टरांना हे पाहणं आवडलं नाही. पण त्यांना पेशंटचं काहीच आवडत नसे, त्यामुळे त्यांनी तिकडे लक्ष दिलं नाही.

निळा रंग धुऊन निघायला पाऊण तास लागला. त्या पाऊण तासात सिस्टरांच्या लक्षात आणखी एक गोष्ट आली. हा माणूस दारातून आत आला तेव्हा दोन्ही पाय अगदी सारखे दिसत होते. डावा पाय सुजून दुधीभोपळ्यासारखा झालेला, आणि पँटवर त्याची कुठे खूणसुद्धा नाही. त्यांनी पँटची शिवण उलटून पाहिली. डावा पाय उजव्यापेक्षा अडीच इंच जास्त बेतलेला होता. ती जास्तीची रुंदी आतल्या बाजूला अशी काही मुरवली होती, आणि घडी अशी काही सरकवली होती, की समोरून बघणाऱ्याला दोन्ही पाय एका साच्यातले वाटावेत.

"हे कधीपासून?"

"अकरा वर्षं," मास्तर म्हणाले, आणि आवाजातला अभिमान त्यांना लपवता आला नाही. "कुणाला कळलं नाही. आमच्या मंडळींनासुद्धा चार वर्षं पत्ता नव्हता."

म्हणजे अकरा वर्षं पाय वाढत गेला आणि हे गृहस्थ पँट वाढवत गेले. तेवढ्या अकलेत पाय केव्हाच बरा झाला असता, असं सिस्टर म्हणाल्या. मनात म्हणाल्या असं नाही. मोठ्याने म्हणाल्या.

आता मास्तरांची हकिगत सांगायला हवी, म्हणजे सिस्टरांचा तिरस्कार किती रास्त होता ते कळेल.

मास्तरांचं दुकान म्हणजे एक लांबट खोली. मध्ये कमरेच्या वर येईल असं लाकडी टेबल, भिंतीवर खिळ्यांना टांगलेले पुठ्ठ्याचे साचे, कोपऱ्यात मास्तरीणबाईंचं शिवणयंत्र आणि खिडकीशी काजं-बटणं करण्यासाठी मांडलेली एक बुटकी खुर्ची. ह्या खोलीत मास्तर एकेचाळीस वर्षं उभे होते. हे बोलायची पद्धत म्हणून म्हटलेलं नाही. सकाळी नऊला ते टेबलाशी उभे राहत, ते दुपारच्या जेवणाला हलत, आणि जेवून पुन्हा त्याच फरशीवर येऊन उभे राहत. त्या फरशीला दोन पावलांच्या आकाराचे खळगे पडले होते. दुसरा कोणी कटर असता तर कापड कापताना त्याने टेबलाभोवती चार चकरा मारल्या असत्या. मास्तरांचं तसं नव्हतं. ते जागचे हलत नसत. ते कापड फिरवत.

आणि त्यांचं एक तत्त्व होतं. ज्या माणसाजवळ तत्त्व असतं त्याच्या आसपासच्या लोकांना फार सोसावं लागतं. मास्तरांचं तत्त्व असं, की कापड उभ्यानेच कापायचं. "बसून चिरतात ती भाजी," ते म्हणत. शिवणाऱ्याने बसावं, तो शिवणारा. काजं करणाऱ्याने तर बसावंच, त्याच्याकडून दुसरी अपेक्षा काय करणार? पण कात्री ज्याच्या हातात, त्याने बसणं म्हणजे न्यायाधीशाने आडवं पडून निकाल देणं. खिडकीशी असलेल्या त्या बुटक्या खुर्चीकडे ते अशा नजरेने पाहत, की काजं करायला ठेवलेली माणसं वर्षभराच्या आत दुसरीकडे काम शोधत. शेवटी काजंही मास्तरीणबाईच करू लागल्या.

पाय दुखायला लागला तेव्हा मास्तरांनी तो उभं राहण्याचा बहुमान मानला. संध्याकाळी जड वाटे, ते थकवा म्हणून सोडून दिलं. पोटरीत गोळे येत, ते वाऱ्यावर ढकललं. घोट्याशी खाज सुटे, तो मोज्याच्या धाग्याचा दोष ठरला. शिरा फुगून वर आल्या, तेव्हा गिऱ्हाइकांपैकी प्रत्येकजण आपापल्या परीने डॉक्टर झाला. एकाने तेल दिलं, ते खालून वर चोळायचं. दुसऱ्याने तेच तेल वरून खाली चोळायला सांगितलं. एका निवृत्त हेडक्लार्कने चुंबक बसवलेला पट्टा आणून दिला. तो मास्तरांच्या पायाला लागण्याऐवजी टेबलावरच्या टाचण्यांना लागला, आणि निदान टाचण्या वेचायचं काम सोपं झालं. न्हाव्याने तर वस्तरा काढून, गढूळ रक्त थोडं सोडून देऊ या का, असं प्रेमाने विचारलं. ह्या सगळ्यांतला एकहीजण मास्तरांना "जरा बसा" असं म्हणाला नाही. कारण मास्तर बसले असते तर त्यांची पँट वेळेवर मिळाली नसती.

दवाखान्यातले डॉक्टर वयाने लहान होते, पण माणूस सरळ होता. त्यांनी आधी मास्तरांच्या पावलावर बोट ठेवून नाडी पाहिली, मग दंडाचा रक्तदाब घेतला आणि मग घोट्याचाही घेतला.

"पायाचा कशाला?" मास्तरांनी विचारलं.

"रक्त खाली नीट येतंय ना, ते पाहायला. खाली येणाऱ्या नळ्याच अरुंद असल्या तर घट्ट बांधणं महागात पडतं. पाय जायचा. तुमच्या चांगल्या आहेत. रक्त खाली मजेत येतंय, मास्तर. वर जायला मात्र तयार नाही."

मग त्यांनी कागदावर चित्र काढलं. शिरांमध्ये छोट्या छोट्या झडपा असतात. रक्त वर गेलं की झडप मिटते, खाली परतू देत नाही. झडपा निकामी झाल्या की रक्त घसरून खाली साचतं, शिरा ताणतात, वाकड्या होतात, आणि घोट्याशी दाब इतका वाढतो की कातडी काळवंडते आणि एखाद्या मुंगीच्या चाव्याचंही निमित्त तिला पुरतं.

"आणि वर चढवतं कोण?" मास्तरांनी विचारलं. चित्र त्यांना पटलं होतं, कारण ते प्रमाणात काढलेलं होतं.

"पोटरी," सिस्टर मध्येच म्हणाल्या. "माणूस चालला की पोटरी आवळते आणि रक्त वर ढकलते. तुम्ही चाललात कधी? हँगरसारखे लटकलात एकेचाळीस वर्षं. नुसतं उभं राहून पोटरी काय करणार, टाळ्या वाजवणार?"

सोनोग्राफीत कळलं, की जांघेपासून खाली येणारी कातडीजवळची लांब शीर सगळीच्या सगळी गळत होती. ठरलं असं: आधी दाबाच्या पट्ट्या बांधून जखम भरत आणायची, मग दाबाचा मोजा घालायचा, आणि मोठ्या हॉस्पिटलात तारीख मिळाली की ती शीर आतून लेझरने बंद करून टाकायची.

"शीरच बंद केली तर रक्त जाणार कुठून?"

"आत खोल मोठ्या शिरा आहेत. बहुतेक सगळं काम त्याच करतात. ही नुसती गर्दी करते आहे."

"आणि मी टेबलाशी कधी उभा राहणार?"

"जखम भरेपर्यंत नाही. दिवसातून चार वेळा पाय छातीच्या वर ठेवून झोपायचं, मधूनमधून चालायचं, बसल्या जागी टाचा वरखाली करायच्या. दहा-बारा आठवडे."

मास्तरांचा चेहरा पडला. कारण शाळा सुरू व्हायला बरोबर बारा आठवडे उरले होते. तीन शाळांचे गणवेश दरवर्षी त्यांच्या टेबलावर कापले जात. बारा आठवड्यांत मास्तर उभे राहिले नाहीत तर ते गणवेश कापणार होते जावई.

जावयांबद्दल मास्तर फारसं बोलत नसत, पण जे बोलत ते पुरेसं होतं. जावई ऑफिसात असते तसल्या चाकांच्या खुर्चीत बसून विजेच्या कटरने एका वेळी बारा घड्या कापत. त्यांच्याकडे मापं तीन होती: लहान, मध्यम आणि मोठं. "जगात तीन मापांची माणसं असती," मास्तर म्हणत, "तर देवाने पण कटरच घेतला असता." जावयांनी शिवलेल्या पँटमध्ये एक मुलगा आणि त्याचा पाठचा भाऊ एकाच वेळी मावत, असा मास्तरांचा दावा होता. आणि जावयांनी एकदा, अगदी गोड आवाजात, "बाबा, हे टेबल जरा अर्धं केलं तर केवढी जागा होईल," असं म्हटल्यापासून मास्तर टेबलाला पाठ दाखवायला तयार नव्हते.

"एकदा कात्री त्यांच्या हातात गेली की परत येत नाही, सिस्टर," ते म्हणाले. "बारा आठवड्यांत जखम बुजवा. बाकी तुम्ही सांगाल ते करीन."

"बाकी मी सांगेन ते कराल," सिस्टर म्हणाल्या. "हे वाक्य मी आठवड्याला चाळीस वेळा ऐकते."

पण मनातून त्यांना ही पैज आवडली. जखम ही सिस्टरांची खाजगी शत्रू होती. त्या आठवड्यातून दोनदा मास्तरांचा पाय बोटांपासून गुडघ्यापर्यंत थरावर थर देऊन बांधत, इतक्या जोमात की मास्तर म्हणत, "सिस्टर, तुमचा हात यंत्रासारखा एकसारखा चालतो. शिवणात आला असतात तर नाव काढलं असतं." सिस्टर म्हणत, "पाय हलवू नका." त्या खोलीत एक खुर्चीही होती. तिच्यावर कापसाची बंडलं ठेवलेली असत, कारण सिस्टर तिच्यावर बसल्याचं कोणी कधी पाहिलं नव्हतं.

चार आठवड्यांत कोटाच्या बटणाचं सदऱ्याचं बटण झालं. कडेने गुलाबी नवी कातडी धरली. सूज उतरली. पँटच्या डाव्या पायात हवा खेळू लागली. सिस्टरांनी दोनदा, दोनच वेळा, "बरं आहे" असं म्हटलं. मग पट्ट्या काढून जखमेवर पातळ ड्रेसिंग आणि वर गुडघ्यापर्यंतचा दाबाचा मोजा आला. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरून आणलेला, मापाचा, घोट्याशी सगळ्यांत घट्ट आणि वर वर सैल होत जाणारा.

"सकाळी अंथरुणातून उठायच्या आधी घालायचा," सिस्टरांनी बजावलं. "झोपताना काढायचा. रोज."

"रोज," मास्तर म्हणाले.

आणि जखम वाढायला लागली.

आधी सिस्टरांना वाटलं, आपले डोळे थकले. पुढच्या आठवड्यात त्यांनी पट्टी लावून मोजली. सदऱ्याच्या बटणाचं पुन्हा कोटाचं बटण झालं होतं. पाऊल फुगलं होतं. गुडघ्याखाली गोल वळ उमटला होता, दोरीने आवळल्यासारखा.

"उभे राहताय तुम्ही."

"शपथ घेतो."

"मोजा घालत नाही."

"जेवायला विसरेन, मोजा नाही विसरत."

"मग दाखवा मोजा."

"इथे यायचं म्हणून घरी काढून आलो. पुन्हा काढा-घाला करताना तुमचा वेळ जातो ना."

सिस्टरांना पेशंटच्या थापांचा एवढा दांडगा अनुभव होता, की खरं बोलणाऱ्या माणसाचं काय करायचं हे त्यांना ठाऊकच नव्हतं. त्यांनी मास्तरांना त्या दिवशी आळशी म्हटलं, खोटारडे म्हटलं, आणि ज्या कोणी त्यांच्या हातात कात्री दिली त्याचाही उद्धार केला. पुढल्या आठवड्यात जखम आणखी वाढली. डॉक्टरांनी जंतू झाले आहेत का तपासलं. नव्हते. तीन आठवडे असे गेले. शाळेला पाच उरले.

सिस्टरांनी एका दुपारी ड्यूटी संपल्यावर चपला अडकवल्या आणि न कळवता थेट मास्तरांच्या दुकानात जाऊन धडकल्या. माणसाला रंगेहात पकडायचं तर वर्दी देऊन जायचं नसतं.

दुकानात मास्तर आडवे झोपले होते. डावा पाय कापडाच्या चार ताग्यांवर, छातीच्या वर, डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे अगदी बरोबर कोनात. मास्तरीणबाई यंत्रावर होत्या. टेबलाशी जावई होते, आणि त्यांची चाकांची खुर्चीही आली होती.

"उभे राहतात का हे?" सिस्टरांनी मास्तरीणबाईंना विचारलं.

"हे? छे हो! दिवसभर तिथून मला शिकवतात. ह्यापेक्षा उभे होते तेच बरं होतं."

"चालतात?"

"गल्लीच्या टोकापर्यंत तीन वेळा. येताना सगळ्यांच्या पँटींना नावं ठेवत येतात."

"आणि मोजा?"

"पायात आहे की."

मोजा पायात होता. सिस्टरांनी तो हाताने चाचपला आणि त्यांची भुवई वर गेली. घोट्याशी त्यांची दोन बोटं आरामात आत गेली. वर गुडघ्याखाली मात्र नखसुद्धा शिरत नव्हतं.

त्यांनी मोजा सोलून काढला, खिडकीशी नेला आणि उलटा केला.

काम इतकं देखणं होतं, की क्षणभर त्यांना राग यायचाही राहून गेला. घोट्याच्या दोन्ही बाजूंना त्याच रंगाच्या ताणत्या कापडाची तिकोनी कळी घातली होती, टाका दिसेल तर शपथ. वरच्या कडेला नेफा पाडून त्यात नवंकोरं इलॅस्टिक ओवलं होतं. ज्या कंपनीने तो मोजा बनवला तिच्या इंजिनिअरांनाही आपण हे असंच केलं होतं असं वाटलं असतं.

"हे कोणी केलं?" सिस्टरांनी विचारलं. त्यांचा आवाज इतका शांत होता की जावयांनी कटर बंद केला.

"मीच," मास्तर म्हणाले, आणि कोपरावर उठून बसले, कारण आपल्या कामाबद्दल बोलताना ते आडवे राहू शकत नसत. "बेतायलाच चुकलेला होता हो. कंपनीचा माल, जावईबापूंसारखाच. घोट्याशी जीव जाईल इतका घट्ट आणि वर ढगळ! असा कुठे मोजा असतो? मोजा वरून घट्ट पाहिजे, नाहीतर घसरणार नाही का? घोटा हलता भाग आहे, तिथे सुटसुटीतपणा ठेवायचा. हे आपल्या धंद्यातलं पहिल्या दिवशी शिकवतात. मी काही तक्रार केली नाही, कंपनीचं नाव कशाला खराब करा. गुपचूप दुरुस्त केला."

यंत्राचा पायपाट थांबला. मास्तरीणबाईंनी कपाळावर हात मारला. मास्तरांनी मोजा उसवला त्या रात्री त्यांनीच रीळ शोधून दिलं होतं.

"मास्तर," सिस्टर म्हणाल्या, "तो घोट्याशी घट्ट होता कारण रक्त खालून वर पिळायचं होतं. टूथपेस्टची नळी तुम्ही कुठून दाबता?"

मास्तरांनी हवेतच नळी दाबून पाहिली.

"बुडातून."

"आणि तुम्ही काय केलंत? बुड सोडलंत आणि तोंड आवळलंत. वर दोरी बांधलीत! तीन आठवडे सगळं रक्त घोट्याशी अडवून ठेवलंत, तेही नेफा घालून, तेही हातशिलाईने! माझी चार आठवड्यांची मेहनत तुम्ही उसवलीत. खडू किसणारा माणूस आहे हे मला माहीत होतं, तरी मी तुमच्या हातात मोजा दिला, मीच बावळट. दोष कोणाचा? माझाच. मूर्खाच्या हातात कात्री आहे हे दिसत असून—"

"हातशिलाई नाही," मास्तर हळूच म्हणाले. "यंत्राची आहे. हातशिलाईसारखी दिसते एवढंच."

सिस्टरांनी मोजा डोळ्यांजवळ नेऊन शिवण पाहिली. यंत्राचीच होती. त्या तशाच उभ्या होत्या, मोजा हातात घेऊन, खिडकीच्या उजेडात. मास्तरांचा चेहरा हळूहळू उतरत गेला. नळीचं उदाहरण त्यांच्या आत आता कुठे पोहोचलं होतं. त्यांनी टेबलाकडे पाहिलं, टेबलाशी थांबलेल्या चाकांच्या खुर्चीकडे पाहिलं, बोटांवर उरलेले आठवडे मोजले आणि मग काहीतरी बोलायचं म्हणून बोलले.

"सिस्टर, एक सांगू? रागावू नका. तुमची उजवी पोटरी डावीपेक्षा पाऊण इंच जास्त आहे."

"काय?"

"पहिल्या दिवशीच दिसलं होतं. तेव्हा अर्धा होता. म्हटलं, बाईमाणसाला कसं सांगायचं. तुम्ही कधी बसत नाही, सिस्टर. त्या खुर्चीवर कापूस असतो."

"आपल्या पायाचं बघा," सिस्टर म्हणाल्या, आणि मोजा पर्समध्ये कोंबून निघून गेल्या. वाटेत त्यांनी मास्तरांना, शिंपीकामाला आणि एकूणच बारीक नजर असलेल्या माणसांना मनसोक्त शिव्या दिल्या. घरी गेल्यावर दार लावून त्यांनी टेप काढला. आधी डावी पोटरी मोजली, मग उजवी. मग टेप चुकला असेल म्हणून दुसऱ्या टेपने मोजली.

पाऊण इंच.

घरातल्या आपल्या मुलीला सिस्टरांनी काही सांगितलं नाही. डॉक्टरांना सांगितलं, तेही असं, की जणू एखाद्या चुलत बहिणीबद्दल विचारत आहेत. डॉक्टरांनी चुलत बहिणीला पाय वर करायला सांगितलं आणि सोनोग्राफी लिहून दिली. एकच पाय सुजला असेल तर आत खोल गुठळी नाही ना, हे आधी पाहायला हवं, असं ते म्हणाले. गुठळी नव्हती. झडपा गळत होत्या.

मास्तरांना नवा मोजा मिळाला. त्याच्या वरच्या कडेवर सिस्टरांनी न पुसणाऱ्या शाईने आपली सही केली, चेकवर करतात तशी, आणि दर खेपेला मास्तरांनी तो पायात घालूनच यायचं असा हुकूम काढला. दर खेपेला त्या मोजा उलटा करत, उजेडात धरत आणि शिवण न् शिवण तपासत. मास्तर बिचारे काही बोलत नसत. एकदाच म्हणाले, "सही जरा तिरकी आली आहे," तेव्हा सिस्टरांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते पुढच्या दोन खेपा नमस्कारापलीकडे काही बोलले नाहीत.

चुलत बहिणीच्या मोज्यासाठी मात्र माप मास्तरांनीच घेतलं. सकाळी, सूज चढायच्या आधी, घोटा, पोटरी आणि गुडघ्याखाली, असं तीन ठिकाणी. दुकानदाराने सांगितलेल्या मापापेक्षा ते एक नंबर वेगळं निघालं, आणि बरोबर निघालं. सिस्टरांनी हे अजून कबूल केलेलं नाही.

जखम चौदाव्या आठवड्यात बुजली. विसाव्या आठवड्यात मास्तरांची शीर लेझरने बंद केली. मांडीला भूल देऊन तासाभराचं काम, आणि त्याच दुपारी मास्तर आपल्या पायांनी चालत घरी आले, वाटेत तीन माणसांच्या पँटींना नावं ठेवत. शिरांचा गुंता ओसरला. करपलेला रंग तेवढा राहिला, तो राहतोच. पँटचा डावा पाय त्यांनी अडीच इंच आत घेतला.

शाळा मात्र बाराव्या आठवड्यात सुरू झाल्या होत्या. तिन्ही शाळांचे गणवेश जावयांनी बसून कापले, तीन मापांत. एकाही आईने तक्रार केली नाही. मुलं वाढती आहेत, ढगळच बरं, असं त्या म्हणाल्या. टेबल अर्धं झालं आहे. मास्तर आता खिडकीशी बुटक्या खुर्चीवर बसून काजं करतात.